ड्रॅगनचा टुकार सिनेमा मनापासून आवडतो, हे लपवायचं का?

पत्र थोडक्यात

लिहिणाऱ्या बाई तिशीतल्या आहेत. शाळेपासून फँटसीच्या जाडजूड कादंबऱ्या वाचत आल्या आहेत आणि अशाच सात-आठ वाचणाऱ्यांच्या गटात आहेत. हा गट महिन्यातून एकदा एकत्र सिनेमा बघतो. सिनेमा कोणी निवडायचा याची पाळी लागते आणि पुढची पाळी यांची आहे. त्यांच्या सगळ्यात लाडक्या सिनेमाचं नुसतं नाव काढलं तरी गटात हशा पिकतो. शेतात अंडं सापडलेला पोरगा, पांढऱ्या दाढीचा जादूगार, प्रत्येक वाक्य ओरडून म्हणणारा दुष्ट राजा आणि कॉम्प्युटरवर केलाय हे लांबूनही कळणारा ड्रॅगन, असा तो सिनेमा. मागे गटातली मंडळी घरी आलेली असताना नेमका तोच टीव्हीवर लागला. सगळ्यांबरोबर याही संवादांच्या नकला करून हसल्या. हा सिनेमा मावशीबरोबरच बघत आलेला दहा वर्षांचा भाचा शेजारी बसला होता, तो काही न बोलता उठून आत गेला.

त्या विचारतात : “पाळी आली की एखादा नावाजलेला सिनेमा लावून मोकळी होऊ? की ‘चला, एक भंगार सिनेमा बघून हसू या’ असं म्हणून हाच लावू? आणि इतकी वर्षं चांगलं वाचूनही मला हे आवडतं, म्हणजे माझी आवडच कच्ची आहे का?”

उत्तर

तुमच्या पत्रात ‘तसा तो टुकारच आहे’ हे वाक्य चार वेळा आलंय. चारही वेळा त्याच्या पुढच्याच ओळीत तुम्ही सिनेमातली एखादी जागा अगदी बारकाईने सांगितली आहे. अंड्याला तडा जाताना संगीत थांबतं आणि नुसती आतून टकटक ऐकू येते. पिल्लू पहिल्यांदा पंख उघडतं तेव्हा त्या पंखांच्याच वजनाने मागे कलंडतं. शेवटच्या लढाईत आग ओकण्याआधी ड्रॅगनच्या गळ्याखालची खवलं छातीकडून वर एकेक करून उजळत जातात. टुकार म्हणून सोडून दिलेली गोष्ट कोणी इतकी लक्षात ठेवत नाही. तेव्हा शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते : तुमची आवड कच्ची नाही. ती कशावर जडली आहे हे तुम्ही अजून नीट बघितलेलं नाही, एवढंच.

एखादा सिनेमा आवडला म्हणजे तो उत्तम आहे असा दाखला आपण दिला, असं तुम्ही धरून चाललात. मग तो दाखला मागे घ्यायला नको म्हणून आवडच लपवायची. पण ‘मला आवडतो’ म्हणताना तुम्ही स्वतःबद्दल सांगत असता आणि ‘चांगला आहे’ म्हणताना सिनेमाबद्दल. दोन्ही एकदम बोलता येतात. ‘पटकथा कच्ची आहे, राजा फार ओरडतो, आणि अंडं फुटण्याचा प्रसंग मी कधीही बघायला तयार आहे,’ या वाक्यात कुठेही विसंगती नाही.

दोषांचंही तसंच. सगळे एकाच पोत्यात भरले की सिनेमा टुकार ठरतो आणि विचार तिथेच थांबतो. ते वेगवेगळे काढून बघा. काही दोष पैशाचे असतात. सैन्यात माणसं वीसच, म्हणून कॅमेरा कायम त्यांच्या अंगाला चिकटलेला. ड्रॅगनचे शॉट मोजके, म्हणून तोच उडतानाचा शॉट डावा-उजवा बदलून पुन्हा वापरलेला. काही दोष वेळेचे असतात. पाऊल टेकतं पण धूळ उडत नाही, सावली पायापासून बोटभर सुटलेली राहते, टेकलेला पंजा जमिनीवरून घसरतो. ही सगळी शेवटच्या टप्प्यातली कामं आहेत, आणि प्रदर्शनाची तारीख जवळ आली की पहिली कात्री त्यांनाच लागते. असे दोष दिसले तर हसू येईल, पण त्यांचा राग यायचं कारण नाही.

तिसरी जात बेफिकिरीची. ड्रॅगनला थंडी सोसत नाही असं पहिल्या अर्ध्या तासात बजावून सांगायचं आणि शेवटची लढाई बर्फात ठेवायची, कारण तोवर कोणाच्या लक्षात राहणार? इथे प्रेक्षकाला गृहीत धरलेलं असतं आणि इथे जरूर रागवा. तुम्ही पत्रात दिलेल्या दोषांच्या यादीत या जातीचा फक्त एक सापडला. बाकी सगळे पैशाचे आणि वेळेचे आहेत.

आता ड्रॅगनकडे येऊ, कारण खरा मुद्दा तोच आहे. तो खोटा दिसतो हे तुम्हाला दिसतं, तरीही तो तिथे आहे असं वाटतं. याची कारणं शोधता येतात.

पहिली तपासणी नजरेची. सेटवर ड्रॅगन नसतो. बहुतेक वेळा काठीच्या टोकाला लावलेला चेंडू किंवा एखादी खूण असते आणि नटांनी तिच्याकडे बघायचं असतं. तीन नट तीन वेगवेगळ्या उंचीवर बघत असतील तर नंतर ड्रॅगन कितीही सुबक घातला तरी तो त्या जागी उभा राहत नाही. उलट नजरा एका बिंदूवर मिळाल्या, आणि ड्रॅगनने मान वळवल्यावर त्या नजराही त्याच वेगाने सरकल्या, तर खवलं प्लास्टिकची दिसली तरी आपण तो प्राणी मान्य करतो. तुमच्या सिनेमातला पोरगा पिल्लाकडे बघतो तेव्हा त्याची नजर नेमकी कुठे असते ते थांबवून बघा.

दुसरी तपासणी वजनाची. उडणारा प्राणी जितका मोठा, तितकी त्याची पंखांची हालचाल संथ. अँडीज पर्वतातला काँडॉर हा अवाढव्य पक्षी हवेत असताना जेमतेम एक टक्का वेळ पंख मारतो, तेही बहुतांशी उड्डाण घेताना. बाकी सगळं तरंगणं. घराएवढा ड्रॅगन सेकंदाला तीन-चारदा पंख फडफडवताना दाखवला की डोळा त्याला कबुतराच्या मापात बसवतो आणि भीती संपते. बसण्या-उठण्याचंही असंच आहे. जड प्राणी उडी मारण्याआधी खाली दबतो, उतरल्यावर त्याचे सांधे वाकतात, शेपूट शरीराच्या मागून थोड्या उशिराने येते. तुमचं ते मागे कलंडणारं पिल्लू! ते करणाऱ्या ॲनिमेटरला वजन कळत होतं. संगणकाची ताकद कमी पडली असेल, पण निरीक्षण कमी पडलेलं नाही. तुम्हाला जे आवडलं ते हे, आणि त्याला दाद देणारी नजर तुमच्याकडे आहे.

तिसरी गोष्ट आगीची. जुन्या सिनेमांत किल्ला छोट्या प्रतिकृतीचा असे, आणि आग व पाणी मापात लहान होत नाहीत ही त्यातली अडचण. त्यासाठी प्रतिकृती जास्त वेगाने चित्रित करतात, म्हणजे पडद्यावर ज्वाळा संथ आणि मोठ्या भासतात. साधा हिशेब असा की प्रतिकृती जितक्या पट लहान, त्या संख्येच्या वर्गमुळाने वेग वाढवायचा. सोळा पट लहान किल्ला असेल तर वर्गमूळ चार, म्हणून सेकंदाला नेहमीच्या २४ ऐवजी ९६ फ्रेम. हे केलं नाही की ज्वाळा चुटकीसरशी वर जातात आणि किल्ला खेळण्यातला आहे हे उघड होतं.

‘खोटा दिसतो’ ही तक्रार कॉम्प्युटरबरोबर आलेली नाही, हेही गटाला सांगण्यासारखं आहे. १९२४ साली दिग्दर्शक फ्रिट्झ लांगने ‘सीगफ्रीड’ या मूकपटासाठी खराखुरा अवाढव्य ड्रॅगन बांधला आणि आत माणसं बसवून तो हलवला. १९५८च्या सिंदबादपटात रे हॅरीहाउसेनने ड्रॅगनचा बाहुला हाताने कणाकणाने सरकवत एकेक फ्रेम टिपली. बाहुला प्रत्येक फ्रेमला स्थिर असायचा, त्यामुळे हालचालीत जो स्वाभाविक धूसरपणा येतो तो नसायचा आणि डोळ्याला हिसके जाणवायचे. १९८१च्या ‘ड्रॅगनस्लेयर’मध्ये फिल टिपेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बाहुल्याला मोटारी जोडल्या आणि कॅमेऱ्याची झडप उघडी असतानाच तो हलवला. धूसरपणा आला, हिसके गेले. या तंत्राला गो-मोशन म्हणतात. सिनेमा तिकीटबारीवर पडला, पण त्या कामाला ऑस्करचं नामांकन मिळालं आणि तो ड्रॅगन आजही पंखांवर भार देऊन चालताना अंगावर येतो. सिनेमाचं नशीब आणि त्यातल्या ड्रॅगनचं नशीब वेगवेगळं असू शकतं, ते असं.

आता तुमच्या हसण्याबद्दल. स्वस्त ड्रॅगनपटांचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एक स्वतःच्या गोष्टीवर विश्वास ठेवणारा. दुसरा सारखा प्रेक्षकाकडे बघून डोळा मारणारा, म्हणजे ‘आम्हालाही माहितीय हे सगळं भंकस आहे’ असं सुचवत राहणारा. १९६४ साली अमेरिकन लेखिका सुझन सोनटॅगने भडक कलाकृतींच्या आकर्षणावर लिहिताना हाच भेद केला होता. अस्सल भडकपणा भाबडा असतो, जाणूनबुजून केलेला तितका समाधान देत नाही. २००० सालच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’वर समीक्षक तुटून पडले होते, पण ऑस्करविजेता जेरेमी आयर्न्स त्यात खलनायक म्हणून जो काही उसळतो, त्यात कणभरही कंजुषी नाही. तो हातचं राखून खेळत नाही, म्हणून लोकांना तो अजून आठवतो. तुमचा ओरडणारा राजाही याच जातीचा दिसतो. त्याला हसू येतं कारण तो पूर्ण जोर लावतो, आणि तो आवडतो तोही त्याच कारणासाठी. हे हसू आणि ही आवड एकमेकांच्या विरुद्ध नाहीत.

विरुद्ध आहे ते दुसरं हसणं. इतरांनी हसण्याआधी आपणच हसून घेतलं की आपल्याला कोणी हसणार नाही, या हिशेबाने केलेलं. त्या दिवशी तुम्ही ते केलंत आणि ते तुम्हाला लागलं आहे. माझ्या मते पत्र लिहायला लावणारी टोचणी हीच असावी.

भाच्याशी बोलायचं ठरवाल तेव्हा लांबलचक माफी मागत बसू नका, दहा वर्षांच्या मुलाला त्याचं ओझं होतं. ‘त्या दिवशी मी सगळ्यांबरोबर हसले, पण मला तो सिनेमा खरंच आवडतो, आणि तुला ते माझ्याकडून कळायला हवं होतं,’ इतकं पुरे. लगेच एखादा नेमका प्रश्न विचारा. ‘पिल्लू मागे पडतं ते तुला खरं वाटतं का? का वाटतं?’ त्याच्या उत्तरावर ‘पण तो खोटाच आहे ना’ असं म्हणू नका. त्याला ते माहीत असतं. ड्रॅगनला पाय किती असावेत, चार पाय आणि वर दोन पंख, की दोन पाय आणि पंख हेच पुढचे पाय, यावर मुलं तासभर वाद घालतात आणि वाद खरोखर चांगला आहे. सहा अवयवांच्या प्राण्याला खांद्याचे स्नायू दोनदा लागतात, ते शरीरात बसवायचे कुठे? कागद-पेन्सिल घेऊन दोघं मिळून काढून बघा.

सिनेमात काही न आवडण्यासारखं असेल तर तेही झाकू नका. तुम्ही लिहिलंय की राजकन्या फक्त साखळदंडात बांधून ओरडण्यापुरती आहे आणि ते तुम्हाला दर वेळी खटकतं. खटकू द्या. आवडत्या सिनेमाची वकिली अंगावर घेतली की माणूस अशा गोष्टींनाही सबबी शोधायला लागतो, आणि मग खरी आवडही पोकळ वाटू लागते.

आता निवडीकडे. नावाजलेला सिनेमा लावलात तर संध्याकाळ सुरळीत जाईल, पण पाळी वाया जाईल. असा सिनेमा गटातला दुसरा कोणीही लावू शकतो. हसण्याची मैफल म्हणून लावलात तर सगळे मजा करतील आणि तुम्ही दोन तास त्या दिवशीचंच पुन्हा कराल. माझं मत तिसऱ्या बाजूला आहे. हाच सिनेमा लावा, आवडता म्हणून लावा, पण तयारी करून. एक अट मात्र : गटात जर कोणाचीही आवड वर्षभर चघळली जात असेल, तर पूर्ण सिनेमा तिथे नेऊ नका. दहा मिनिटांचा एक प्रसंग दाखवा आणि बाकीचा सिनेमा ज्याला बघावासा वाटेल त्याच्यासाठी ठेवा.

तयारी म्हणजे आधी एकटीने एकदा बघणं, कागद जवळ ठेवून. तीनच खुणा करायच्या : जिथे पुढे सरसावून बसलात, जिथे ओशाळलात आणि जिथे मन भरकटलं. प्रत्येक खुणेसमोर वेळ लिहा, कारण लिहू नका. कारणं दुसऱ्या दिवशी काढा, तेव्हा ती जास्त खरी निघतात. नंतर ड्रॅगनचे दोन प्रसंग आवाज बंद करून बघा आणि तेच दोन फक्त ऐका. पुष्कळदा जादू चित्रात नसून वाद्यवृंदात असल्याचं लक्षात येतं. १९९६च्या ‘ड्रॅगनहार्ट’साठी रँडी एडलमनने केलेलं संगीत पुढे कितीतरी दुसऱ्या सिनेमांच्या ट्रेलरमध्ये वापरलं गेलं, इतकं ते सिनेमापासून सुटून उभं राहू शकत होतं.

टीव्हीची जुळणी आधीच करून ठेवा, ऐन वेळी रिमोट शोधत बसू नका. बऱ्याच टीव्हींमध्ये दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःची फ्रेम घालून हालचाल गुळगुळीत करणारी सोय आधीपासून चालू असते. प्रत्येक कंपनीने तिला वेगळं नाव दिलंय, पण चित्राच्या सेटिंगमध्ये हालचालीशी संबंधित पर्याय शोधलात की ती सापडेल. ती बंद करा. २४ फ्रेमसाठी बनवलेला ड्रॅगन तिच्यामुळे पार्श्वभूमीपासून सुटा दिसतो आणि सगळा सिनेमा मालिकेसारखा वाटतो. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो निवडलात की काम झालं. रंग भडक करणारा ‘व्हिव्हिड’ मोड अजिबात नको. स्वस्त सिनेमात ड्रॅगन बहुतेक रात्री किंवा धुक्यात येतो, कारण अंधारात जोडकामाच्या कडा लपतात. तुम्ही उजेड वाढवलात की नेमक्या त्याच कडा उघड्या पडतात. पडदा उजळवण्यापेक्षा खोली अंधारी करा. सोय असेल तर मूळ आवाज आणि सबटायटल ठेवा, डबिंगमध्ये राजाचा तो जोर बहुधा हरवतो.

सुरू करण्याआधी दोन मिनिटांहून जास्त बोलू नका. ‘हा मला फार आवडतो. पटकथेकडून फार अपेक्षा ठेवू नका. अंडं फुटतं तो प्रसंग, पिल्लाचं पहिलं उड्डाण आणि आग ओकण्याआधीचा गळा, या तीन जागा बघा.’ आणि एक विनंती करा : अंडं फुटेपर्यंत कोणी बोलायचं नाही, नंतर हवं तसं बोला, हवं तसं हसा. ही विनंती कामाची आहे, कारण पहिल्या काही मिनिटांत एकाने शेरा मारला की पुढे सगळे शेरे मारायलाच बघतात, सिनेमा बघत नाहीत. दोषांची यादी आधी वाचून दाखवू नका. तसं केलंत की लोक तेच शोधतात. तुमच्या तीन जागा आल्या की पडद्याकडेच बघा, बाकीच्यांच्या चेहऱ्यांकडे नको. कोणाला किती आवडतंय हे तपासत राहिलात तर तुमचाच सिनेमा तुमच्या हातून निसटेल. मध्ये थांबवून समजावून सांगू नका, काँडॉर आणि गो-मोशन नंतर कोणी विचारलं तरच काढा.

संपल्यावर ‘कसा वाटला?’ असं विचारलंत की उत्तर म्हणून निकाल येतो. त्याऐवजी ‘ड्रॅगन कुठे खरा वाटला?’ असं विचारा. ज्याला सगळा सिनेमा फालतू वाटला तोही एखादी जागा सांगतो, आणि तिथून बोलणं सुरू होतं. कोणी ‘तुला हे खरंच आवडतं?’ म्हणालं तर ‘हो’ म्हणा आणि अंडं फुटण्याच्या प्रसंगाबद्दल बोला.

राहता राहिली तुमची भीती की हाच सिनेमा परत परत बघून नजर बोथट होईल. त्यात तथ्य तेवढंच की नवीन काही बघायचं टाळण्यासाठी हा लावत असाल तर ते लक्षात घ्या. तसं होतंय असं वाटलं तर हा बघितल्याच्या आठवड्यातच वर सांगितलेल्यांपैकी एखादा जुना ड्रॅगनपट बघा आणि तुमच्या त्याच तीन खुणा त्याच्यावरही करा. ‘ड्रॅगनस्लेयर’पासून सुरुवात केलीत तर उत्तम. त्यातला ड्रॅगन पूर्ण दिसायला बराच वेळ लागतो, तेवढा धीर धरा.